अलिबागचे दोन किलो पोहे

इंग्लंडहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" या प्रश्नाचं खातं आमच्या घरात शुभाकडे आहे. ती फोन काढते आणि राजवाडा, घड्याळ, पूल, पुलावरची मी, पुलावरचे हे, अशी सगळी चित्रं पाहुण्यांना शेवटपर्यंत दाखवते. मग पाहुणे सुटकेचा श्वास टाकून माझ्याकडे वळतात. "आणि तुम्ही काय केलंत?" मी म्हणतो, "मी पोहे केले." लोक हसतात. त्यांना वाटतं, हा पुणेकर विनोद आहे. तो तसा नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

इंग्लंडची हवा, तिथल्या रांगा आणि तिथलं उठसूट सॉरी म्हणणं याबद्दल इतरांनी भरपूर लिहून ठेवलं आहे. ते सगळं खरं आहे असं समजून पुढे जाऊ.

ब्रिस्टल

आमचा मुलगा केदार ब्रिस्टलला विमानांच्या पंखांचं काहीतरी करतो. नेमकं काय, ते त्यानं मला चारदा समजावून सांगितलं आणि मी चारही वेळा मान हलवली. तो आणि त्याची बायको सकाळी कामावर गेली की घरात आम्ही दोघं आणि छताला चिकटवलेला धुराचा भोंगा एवढेच उरायचो.

मी विमा कंपनीतून निवृत्त झालो. स्वयंपाकातला मला एकच पदार्थ येतो, कांदेपोहे. पण तो असा येतो की आमच्या सोसायटीत माझं नाव त्यावरूनच ओळखलं जातं. गेली कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी मी पोहे करतो आणि शुभा त्या वेळी पेपर वाचते. आता तर अशी गत आहे की पोहे धुतले की पुढचं हात आपोआप करतात. डोकं दुसरीकडे असलं तरी चालतं, आणि शुभाच्या मते ते असतंच.

ब्रिस्टलच्या पहिल्या रविवारी मी फोडणी टाकली आणि मोहरी तडतडायच्या आत छतावरचा भोंगा कोकलायला लागला. केदार अंघोळीतून टॉवेलवर धावत आला. "बाबा, विंडो उघडा! एक्झॉस्ट फॅन ऑन करायचा असतो ना आधी! नेबर्स कम्प्लेन करतील!" खुर्चीवर चढून त्यानं वर्तमानपत्रानं भोंग्याला वारा घातला. शेजारच्या गोऱ्या बाई दारात येऊन सगळं ठीक आहे ना विचारून गेल्या. त्यांना बशीभर पोहे दिले. त्या पुढच्या रविवारी भोंगा वाजला नाही तरी आल्या.

मात्र हे पोहे केदारच्या घरातले, दुकानातून आणलेले. आमच्या बॅगेत तळाशी, शुभाच्या शालीत गुंडाळून, अलिबागचे दोन किलो जाड पोहे होते आणि त्यांच्याकडे बघायचीही मला बंदी होती. ते हानामामींचे होते.

आता हानामामी कोण, ते सांगायला हवं. शुभाचं माहेर अलिबागचं. तिच्या शेजारी झिराडकर म्हणून बेने इस्रायल कुटुंब राहायचं. बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. घरात मराठी, बायका लुगड्यात, जेवणात नारळ, आणि शनिवारी काम बंद. शुभाच्या आईची आणि त्यांची वाटी-वाटी साखर इकडून तिकडे जायची. त्यातला सॅम्युअल तरुणपणी लंडनला गेला, तिथल्या एका कारखान्यात फिटर झाला आणि त्यानं तिथलीच एक मुलगी केली. ती मुलगी ज्यूच, पण स्लोव्हाकियातली. लढाईत तिची सगळी माणसं मारली गेली होती. एका शेतकरणीनं लपवून ठेवल्यामुळे ती वाचली आणि नंतर इतर अनाथ पोरांबरोबर इंग्लंडला आली. तीच ही हाना. सॅम्युअल जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची धाकटी बहीण, शुभाची लिलीमावशी, अजून अलिबागला असते. आम्ही निघतोय कळल्यावर तिनं पोह्यांची पिशवी शुभाच्या हातात दिली आणि म्हणाली, "हानाला दे गो. तिकडच्या पोह्यांना काय चव नाय."

वेम्बली, पहिल्यांदा

लंडनमधल्या वेम्बलीत उतरून ईलिंग रोडला लागलं की इंग्लंडला आल्याचा पश्चात्ताप होतो. इतका खर्च करून घाटकोपरलाच यायचं होतं तर रिक्षा होती. साड्यांची दुकानं, मंदिर, पानाची टपरी, रस्त्यावर मांडलेली वांगी. शुभा मात्र हरखली आणि तिनं कढीपत्त्याचा भाव विचारून घेतला. नुसताच विचारून घेतला.

हानामामींचं घर मागच्या एका शांत गल्लीत, एकसारख्या घरांच्या ओळीत होतं. मी वाटेत मनाची तयारी केली होती. या विषयावरच्या फिल्मा मी टीव्हीवर पाहिल्या आहेत. अशा माणसाशी हळू बोलावं, मधे बोलू नये, हे मला माहीत होतं. दार उघडायच्या आत मी चेहरा गंभीर करून ठेवला.

दार उघडलं. नव्वदीला टेकलेल्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई काठीवर रेलून उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे न बघता पिशवीकडे बघितलं. "पोहे आणलेस गो?"

मराठी, तीही थेट अलिबागची, अन् बोलण्यात कुठल्या तरी लांबच्या देशाचा हेल. शुभा वाकून नमस्कार करायला लागली तर मामींनी तिला अर्ध्यातच थांबवलं. "वाक नको. मग तुला उठवायला कोण येणार? मी?" माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि हा जावई. असा काय दिसतोय? पोटात दुखतंय काय?"

मी चेहरा बदलला.

जेवायला माशाचं कालवण, भात आणि पुऱ्या होत्या. कालवण नारळाच्या रसातलं, इतकं उत्तम की लिलीमावशीनं ते चाखलं असतं तर तिनंही मान्य केलं असतं, अर्थात नाक मुरडून. मी पहिलं ताट संपवलं. मामींनी वाढलं. मी तेही संपवलं. त्यांनी पुन्हा वाढलं. आता इथे माझी अडचण लक्षात घ्या. ज्या बाईंचं बालपण उपासमारीत गेलं त्यांच्यासमोर पानात टाकायचं कसं? एक शीत जरी राहिलं तरी तो त्या सगळ्या इतिहासाचा अपमान होईल, असं मला वाटत होतं. म्हणून मी पानातलं शीतन् शीत टिपत होतो, आणि ताट रिकामं दिसलं की मामी डाव उचलत होत्या. शुभानं टेबलाखालून पाय मारला. मी घाम पुसून आणखी एक पुरी खाल्ली.

शेवटी मामीच दमल्या. "पुण्याची माणसं एवढी खातात होय?" त्या शुभाला म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "जावईबापू, घासभर पानात ठेवायचं. मग वाढणारीला कळतं, पोट भरलं. सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांनी पहिलं हेच शिकवलं. मला काही जमायचं नाही. मी ताट चाटून ठेवायची आणि त्या वाढत सुटायच्या. दोघी रडकुंडीला यायचो. पानात घास सोडायला मला फार वर्षं लागली."

मी पानात घासभर भात सोडला. त्यांनी डाव खाली ठेवला.

मी हळूच विषय काढला. "मामी, तुम्ही... त्या काळात..."

"बटाट्याच्या तळघरात होते. बाईनं लपवलं होतं. मग लढाई संपली." एवढं बोलून त्या उठल्या. "चहा टाकते. तू साखर किती घेतोस?"

लढाई अशी तीन वाक्यांत आटपली. त्यानंतरचा दीड तास सासूबाईंचा होता. सॅम्युअलची आई म्हातारपणी अलिबागहून लंडनला आली ती येताना पितळी ताटं आणि विळी घेऊन. इंग्रजीचा एक शब्द तिला यायचा नाही आणि शिकायची इच्छाही नव्हती. तेव्हा सुनेनंच मराठी शिकायचं ठरलं. हानामामी विळीवर बसायला शिकल्या, नारळ खवायला शिकल्या, भांडायलाही शिकल्या. "जर्मनपासून मी वाचले," त्या म्हणाल्या, "पण सासूबाईंनी मला कामाला लावलं." आणि एवढ्या हसल्या की त्यांना खोकला आला.

हे शिक्षण त्यांनी वाया जाऊ दिलेलं नाही. चहा होईपर्यंत त्यांनी शुभाची कोथिंबीर चिरायची पद्धत सुधारली, माझी कप धरायची पद्धत सुधारली, आणि मी टॉवेल चुकीच्या खुंटीला लावला तो काठीनं दाखवून परत काढायला लावला. त्यांच्या स्वयंपाकघरात काही चुकतंय आणि त्या गप्प बसल्यात, असं होणं शक्य नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

निघताना त्या पोह्यांची पिशवी उघडून वास घेत उभ्या होत्या. "लिलीनं चांगले दिलेत," एवढंच म्हणाल्या.

एडिनबरा

मामींची मुलगी रूथ एडिनबराला हॉस्पिटलात काम करते. साठीची, उंच, बोलायला गोड. आमच्या प्रवासात एडिनबरा होतंच, तर तिनं आम्हाला हॉटेलात उतरू दिलं नाही. एडिनबराचा किल्ला सिंहगडापेक्षा देखणा आहे हे मी मान्य करतो. पण वर पिठलं-भाकरी मिळत नाही आणि वाऱ्यानं माझी टोपी नेली. ती अजून स्कॉटलंडमध्येच आहे.

त्या संध्याकाळी रूथनं सांगितलं की आई आता तिच्याकडे राहायला येतेय. दोनदा पडली, एकटीला ठेवणं शक्य नाही. वेम्बलीचं घर विकलं गेलंय.

"मम्मी ऐकतच नव्हती," रूथ म्हणाली. "फॉर इयर्स. ती म्हणायची, अ‍ॅड्रेस चेंज नाही करायचा. एमिलमामाकडे हाच अ‍ॅड्रेस आहे."

"एमिलमामा कोण?" शुभानं विचारलं.

एमिल हा हानामामींचा मोठा भाऊ. दोघांना वेगवेगळ्या गावांत लपवलं होतं. लढाईनंतर ही सापडली आणि तो सापडला नाही. तो गेला असं सांगणारं कोणी भेटलं नाही, आहे असं सांगणारंही नाही. हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेकडे मामींनी वेम्बलीचा पत्ता देऊन ठेवला होता आणि त्या पत्त्यावरून त्या हलल्या नव्हत्या. सॅम्युअलला मोठ्या घरात जायचं होतं, ते राहिलं. रूथनं आईला जवळच्या बिनजिन्याच्या फ्लॅटमध्ये हलवायचं म्हटलं, तेही राहिलं.

"अ‍ॅण्ड देन देअर इज द मलिदा," रूथ म्हणाली.

मलिदा मला शुभाकडून ऐकून माहीत होता. बेने इस्रायल लोकांचा तो नवसाचा विधी. नवस पावला की भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची घालून ताटात रास करायची, भोवती फळं लावायची, एलियाहू पैगंबराचं गाणं म्हणायचं आणि सगळ्यांनी प्रसाद वाटून घ्यायचा. मूल झालं, घर घेतलं, आजारातून उठलं, की मलिदा. तो एलियाहू त्यांच्या श्रद्धेप्रमाणे अलिबागजवळ येऊन गेला आहे. त्यामुळे तो त्यांना शेजाऱ्यासारखा वाटतो.

तर सासूबाई लंडनला आल्या तेव्हा त्यांनी सुनेला पहिल्याच आठवड्यात विचारलं, तुझ्या माहेरचं कोण? कोणी नाही, असला तर एक भाऊ असेल, सुनेनं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, माहेर नसलेली सून मला चालायची नाही. आणि तिथल्या तिथे त्यांनी एलियाहूला नवस बोलला: एमिल या दारात उभा राहिला की या घरात पहिला मलिदा. तोवर या घरात कशाचाही मलिदा व्हायचा नाही.

"आणि झाला नाही," रूथ म्हणाली. "नॉट वन्स. माझा जन्म, माझा लग्न, माझे मुलं... सगळं दुसऱ्यांच्या घरी. माझं लग्नाचं मलिदा हॅरोला, डेव्हिडकाकाच्या टायनी काउन्सिल फ्लॅटमध्ये. बिकॉज आजी सेड सो. आजी गेली, तरी मम्मीनं नाही केलं."

आता घर सोडायच्या आधी तिथे एकदा तरी मलिदा करावा असं रूथला वाटत होतं. एमिल यायची वाट बघत नव्हे, तर आई जगली, संसार झाला, नातवंडं झाली, त्याचे आभार म्हणून. तिनं आईला विचारलं होतं. आई कधी नव्हे ते हो म्हणाली होती. लिलीमावशीचे पोहे त्यासाठीच होते.

मला हे फार योग्य वाटलं. नोकरीभर मी प्रकरणं निकालात काढली आहेत. मी म्हणालो, "आमच्याकडे नियम आहे. माणूस सात वर्षं बेपत्ता असला, त्याची कोणालाच खबर नसली, की कायद्यानं तो नाही असं धरतात. मग कागद बंद होतो. सगळ्यांनाच बरं असतं." शुभानं माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेरची स्कॉटिश हवा न्याहाळू लागलो.

वेम्बली, दुसऱ्यांदा

मलिदा रविवारी दुपारचा ठरला. आम्ही आदल्या दिवशीच रूथबरोबर येऊन पोचलो. घरात खोकी रचलेली होती. पडदे काढलेले. फक्त स्वयंपाकघर जागच्या जागी होतं. मामींनी ते शेवटी बांधायचं ठरवलं होतं, आणि कसं बांधायचं तेही.

रविवारी सकाळी नारळ फोडला तर तो खवट निघाला. दुसराही तसाच. फळांत डाळिंब राहिलं होतं. रूथ आणि शुभा ईलिंग रोडला जायला निघाल्या. पाहुणे वीसेक यायचे होते, त्यातले निम्मे वेळेआधी येणारे. शुभा दारातून मला म्हणाली, "पोहे तेवढे धुऊन निथळत ठेवा. सगळे. बाकी कशाला हात लावू नका."

मी बाह्या सरसावल्या. मामी टेबलाशी खुर्चीवर बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. मी मोठ्या चाळणीत पोहे धुवायला घेतले. काय पोहे होते! पाण्याखाली धरले तर मोडत नव्हते, नुसते फुलत होते. लिलीमावशीला मनातल्या मनात नमस्कार घातला.

गप्प बसणं मला जमत नाही. शिवाय एडिनबराचं ते वाक्य मनात होतं. मी म्हणालो, "मामी, मन घट्ट केलंत ते बरं केलंत. कुठेतरी थांबायलाच हवं. आमच्या कचेरीत तर सात वर्षांची मुदत असायची."

"रूथ बोलली मला," त्या म्हणाल्या. "तुमच्या कचेरीत असेल मुदत. सासूबाईंनी नव्हती घातली."

मी पोह्यांवर मीठ भुरभुरवलं आणि ते हातानं मोकळे केले.

"त्याचा चेहरा मला आठवत नाही," मामी म्हणाल्या. "फोटो नाही. कान आठवतात. मोठे, बाहेर आलेले. मी ओढायची. अजून बसमध्ये कोणी म्हातारा दिसला, कान मोठे असले, की मी उतरून मागं बघते. आता तो असला तर माझ्यापेक्षा म्हातारा. जिना चढता यायचा नाही त्याला. म्हणून खालची खोली मी कधी भाड्यानं दिली नाही."

मला भरून आलं. काय बोलावं सुचेना, आणि सुचत नसलं की माझे हात चालतात. टोपलीत कांदे होते. मी ते चिरायला घेतले. डोळ्यांतून पाणी यायला कारणही बरं झालं.

"आज मलिदा झाला," त्या म्हणाल्या, "म्हणजे एलियाहूला सांगितल्यासारखं, की बाबा, आता नको शोधू. झालं आमचं."

"तसं का मानता? आभाराचा आहे तो." मी सात-आठ कांदे चिरले असतील. "तेल?"

"ओट्याखाली. मोठं पातेलं पण तिथंच."

पातेलं काढलं. तेल तापलं. "मोहरी?"

"खालच्या फळीवर, निळा डबा. हळद त्याच्या मागं."

मी त्यांना म्हणत होतो की तुमची मुलगी किती प्रेमाची आहे, नातवंडं कशी मार्गी लागली, तुम्ही शून्यातून केवढं उभं केलंत. मी खरंच मनापासून बोलत होतो. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, कढीपत्ता पडला, कांदा गुलाबी झाला, हळद गेली. एवढे पोहे मी जन्मात केले नव्हते. पातेलं काठोकाठ भरलं आणि मी दोन्ही हातांनी उलथनं धरून ढवळत होतो. मामी माझ्याकडे बघत होत्या. अगदी शांत. त्यांनी उलथनं धरायची माझी पद्धतसुद्धा सुधारली नाही.

तेवढ्यात छतावरचा भोंगा कोकलला.

त्याच्या आवाजातच दार उघडलं. शुभा नारळाची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आली, पातेल्यात बघितलं आणि तिथेच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "हे काय केलंत?"

मी पातेल्याकडे बघितलं. पिवळेधमक, मोकळे, वाफाळते कांदेपोहे. आयुष्यातले सर्वोत्तम. साठ वर्षं अडलेला नवस, सासूबाई, एमिल, अलिबाग, सगळ्यावर मी फोडणी घातली होती.

रूथ खुर्चीवर चढून टॉवेलनं भोंग्याला वारा घालत राहिली, तो बंद पडल्यावरही.

मग डेव्हिडकाका आले. हे मामींच्या समाजातले वयोवृद्ध, विधी सांगणारे. काळी टोपी सारखी करत त्यांनी पातेल्यात डोकावलं. "कांदा?" त्यांनी विचारलं. "मलिद्यात?"

मी हात जोडले. मला रडू येत होतं आणि ते लपवायची सोय उरली नव्हती. शुभा भानावर आली. "मी आत्ता जाते. कोपऱ्यावर दहा दुकानं आहेत, प्रत्येकात पोहे आहेत. पंधरा मिनिटांत आणते."

"नको," हानामामी म्हणाल्या.

"मामी, वेळ आहे अजून. पाहुणे पण..."

"ते दुकानातले. सासूबाईंनी नवस बोलला तो अलिबागच्या पोह्यांचा. दुसऱ्या पोह्यांवर फेडला, तर वर गेल्यावर त्या मला दारात उभं करतील?" काठी टेकून त्या उठल्या. "पाहुणे भुकेले आहेत. हे गरम आहेत. वाढा."

सासूबाईंनी असं काही म्हटल्याचं रूथनं कधी ऐकलं नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मामींनी तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि खोबरं तरी वरून घाल म्हणून सांगितलं.

खोबरं घातलं, कोथिंबीर घातली. पितळी ताटं खोक्यांतून परत निघाली. वीस माणसं खोक्यांवर बसून पोहे खात होती. बहुतेकांची बोली इंग्रजी, पण लिंबू सगळ्यांनी मराठीत मागितलं. डेव्हिडकाकांनी तिसऱ्यांदा घेतल्यावर जाहीर केलं की विधी होऊ शकत नाही, पण एलियाहूचं गाणं म्हणायला कांद्याची हरकत नसावी. ते म्हणू लागले, बाकीच्यांनी साथ दिली. मला शब्द कळत नव्हते, चाल मात्र ओळखीची वाटली. मामी गात नव्हत्या, जेवत होत्या. शेवटी त्यांनी पानात घासभर पोहे सोडले आणि ताट बाजूला ठेवलं.

निघताना मी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा राहिलो. "मामी, मला माफ करा. माझं डोकं कुठे होतं कोण जाणे."

"डोकं नव्हतंच," शुभा म्हणाली आणि चपला घालायला बाहेर गेली.

मामींनी मला खाली वाकायला खुणावलं. कानाजवळ तोंड आणून म्हणाल्या, "तू कांदा हातात घेतलास तेव्हाच मला कळलं होतं."

मी सरळ झालो. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर थांबला असतास," त्या म्हणाल्या, आणि माझ्या उजव्या कानाला धरून तो हलकेच ओढला.

पुणे

मामी आता एडिनबराला आहेत. रूथचा परवा शुभाला निरोप आला. नव्या घरी त्या रमल्या आहेत, रूथच्या हॉस्पिटलातून घरी येणाऱ्या माणसांना शिस्त लावतायत. शोध घेणाऱ्या संस्थेला नवा पत्ता त्यांनी सामान हलायच्या आधीच कळवला होता. रूथचं घर तळमजल्यावर आहे, ही चांगली गोष्ट झाली असं त्यांचं म्हणणं आहे.

निरोपाच्या शेवटी मामींचं स्वतःचं बोलणं होतं. ते शुभानं मला मोठ्यानं ऐकवलं.

"लिलीला सांग, आणखी दोन किलो दे. जाड. एमिल आला की लागतील. आणि जावयाला हात लावू देऊ नको."